आत्ताच गेला

गोव्यातल्या तांबडी सुर्लाच्या कदंबकालीन देवळामागून, ओढ्याच्या कडेने एक पायवाट जंगलात शिरते. सकाळचे सव्वासात. डोंबिवलीहून आलेले आम्ही नऊ जण माना वर करून चाललेलो, आणि काका नेहमीप्रमाणे वीस पावलं पुढे. आम्ही पोचताच त्यांनी दुर्बीण खाली घेतली आणि हळहळत म्हणाले, "आत्ताच गेला."

"कोण?"

"कर्णा. नर. त्या आडव्या वेलीवर बसला होता, लालभडक पोट. तुम्ही बसा बुटांच्या नाड्या बांधत!"

आम्ही नऊ जणांनी ती वेल भक्तिभावाने पाहिली. एकाने फोटोही काढला.

गेली सहा वर्षं मी काकांबरोबर पक्षी बघायला जातो. म्हणजे पक्षी नुकताच उठून गेलेल्या फांद्या बघायला. पाणथळीवर त्यांची पंचाईत होते. तिथे हजारभर रोहित उभे असतात, ते सगळेच कसे आत्ताच जातील? पण हे सदाहरित जंगल काकांना मानवतं. राष्ट्रीय उद्यान धरून भगवान महावीर अभयारण्याचा पसारा 240 चौरस किलोमीटरचा आणि पानांचं छत इतकं दाट, की खाली पडणारे कवडसे मोजून घ्यावेत. इथे पक्षी दिसण्यापेक्षा ऐकूच जास्त येतात. तासभर पान हलत नाही. मग सात-आठ जातींचा मिश्र थवा किडे टिपत डोक्यावरून जातो आणि आपण दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत पार होतो. कर्ण्याची तर तऱ्हाच न्यारी. लाल पोट पलीकडे, तपकिरी पाठ आपल्याकडे, आणि बसला की बसला. अशा जागी काकांना खोटं ठरवायची कोणाची छाती?

विम्याच्या जुन्या डायरीत त्यांनी तीन रकाने आखलेत: पाहिला, ऐकला, गेला. तिसरा रकाना पुरवण्या जोडून चाललाय.

त्यांचं ज्ञान कच्चं आहे असं मात्र कोणी समजू नये. उंबराखाली पडलेल्या बिया बघून 'इथे धनेश येऊन गेला' हे ते अचूक सांगतात. येऊन गेला, हे आलंच. आणि कान तर तिखट. त्या दिवशीही झाडोऱ्यातून आवाज आला तसे ते बोट उचलून थबकले. "शिक्रा!" डायरीत नोंद. "कुटुरगा... आता सर्पगरुड! अरे, जत्रा भरलीय आज!" चार मिनिटांत 'ऐकला'च्या रकान्यात पाच नावं चढली.

आमचा गाइड, तिथल्याच गावचा पोरगा, संकोचून म्हणाला, "काका, एकूच सुकणें तें." म्हणजे, पक्षी एकच.

शेपटीला दोन लांब तारा आणि टोकांना पिसांची पानं मिरवत पल्लवपुच्छ कोतवाल समोरच्या फांदीवर येऊन बसला आणि आम्हा सगळ्यांदेखत पुन्हा शिक्रा झाला. नकला करण्यात या पक्ष्याचा हात धरणारा कोणी नाही. काका क्षणभर गप्प. मग म्हणाले, "पण मूळ ऐकल्याशिवाय नक्कल येईल का? म्हणजे ते पाचही जण इथे असणारच." नोंदी कायम राहिल्या, सहावा कोतवाल.

दहाच्या सुमारास गाइडने आम्हाला वेतांच्या जाळीपाशी नेलं आणि कुजबुजत काठी रोखली. फ्रॉगमाउथ! बेडकासारख्या रुंद तोंडाचा हा निशाचर दिवसभर जोडीदाराला खेटून एकाच फांदीवर वाळक्या पानासारखा बसून असतो. एक करडा, एक तांबूस. मला दिसायला तीन मिनिटं लागली. दिसल्यावर मात्र ते आपल्यापासून जेमतेम दहा फुटांवर आहेत हे कळून अंगावर काटा आला. एकेकाने पाहिलं, 'आहा' केलं आणि जागा सोडली.

काकांची पाळी आली. ते वाकले, दुर्बीण लावली, काढली. चष्मा पुसून पुन्हा लावली. डॉक्टरांनी त्यांना मोतीबिंदू सांगितलाय. तो 'पिकू दे' म्हणून पुढे ढकलणं चालू आहे. गाइड काठीने दाखवत राहिला, "थंय काका, थंय!" काका मान डोलवत राहिले.

तेवढ्यात मागे राहिलेल्या वहिनी धापा टाकत आल्या. "काय आहे हो इथे?"

काकांनी दुर्बीण खाली घेतली, डायरी उघडली आणि हळहळत म्हणाले, "थोडक्यात चुकलात वहिनी. आत्ताच गेला."

जाळीतली ती दोन वाळकी पानं जागची हलली नाहीत.