पाऊण टनाचा संसार

ट्रेलर आधी ठरला. तो ओढायचा कशानं, हा प्रश्न नवऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना पडला. तोवर वरच्या बंकवर कुणी झोपायचं यावरून मुलांची मारामारी होऊन तहसुद्धा झाला होता.

आम्ही राहतो डेन्व्हरच्या बाहेर. कोलोरॅडोत उन्हाळ्यात घराबाहेर न झोपणाऱ्या माणसाकडे लोक संशयानं बघतात. आम्हीही तंबूत झोपून पाहिलं. पण दर एका आड एक उन्हाळ्याला सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येतात आणि आईंची तंबूबाबतची एकच अट असते, की आत कमोड हवा. म्हणून ट्रेलर. सव्वीस फूट लांब, सहा माणसांची झोपायची सोय, तीन शेगड्या, फ्रिज आणि कमोड. आईंनी फ्लश दोनदा ओढून पाहिला आणि सौदा पक्का झाला.

आमच्या दारात उभी होती मिनीव्हॅन. मराठी मंडळाच्या गणपतीला पार्किंगमध्ये आपली कुठली ते किल्लीचं बटण दाबून शोधावं लागतं, तसलीच. टोयोटाची सिएना घ्या नाहीतर होंडाची ओडिसी, दोघींची ओढायची मर्यादा ३,५०० पौंड, म्हणजे जेमतेम १,६०० किलो. आमचा ट्रेलर रिकामाच ५,२०० पौंडांचा, आणि भरून ७,००० पर्यंत न्यायला परवानगी. रिकामा म्हणजे अगदी रिकामा बरं का. त्यात पाणी नाही, चादर नाही, चमचा नाही. या कोरड्या वजनाच्या ट्रेलरमधून आजवर कुणीही सहलीला गेलेलं नाही.

तेव्हा पिकअप ट्रक घेणं आलं. नवरा सॉफ्टवेअरमधला, त्यामुळे त्यानं रंग आणि स्क्रीनचा आकार याकडे लक्ष दिलं. मी पेशानं अकाउंटंट. ठळक अक्षरांत लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही आमच्या धंद्याची पहिली शिकवण.

विक्रेता गोड होता. अकरा हजार पौंड ओढते ही गाडी, तो म्हणाला, तुमचा ट्रेलर म्हणजे किस झाड की पत्ती. वर त्यानं इतिहासही सांगितला: २०१२ साली लॉस एंजेलिसमध्ये एका साध्या टोयोटा टंड्रानं एंडेव्हर हे अख्खं स्पेस शटल हायवेवरच्या पुलावरून ओढत नेलं होतं. गोष्ट खरी आहे. मी त्याचं भाषांतर करून अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणजे माझे सासरे. एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत त्यांची सगळी नोकरी झाली, त्यामुळे चाकावरच्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांना आदर असतो, पण भीड नसते. ते म्हणाले, “विचार त्याला, शटलात माणसं किती होती?”

हा प्रश्न मला आजही त्या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा प्रश्न वाटतो. ओढायला काय, सपाटीवर काहीही ओढता येतं. एअरस्ट्रीम कंपनीची १९४७ सालची एक प्रसिद्ध जाहिरात आहे. तिच्यात आल्फ्रेड लेटूर्नर नावाचा फ्रेंच सायकलपटू चक्क सायकलनं ट्रेलर ओढतोय. शटलचा भारही टंड्रावर नव्हताच, तो खालच्या चाकांच्या गाड्यावर होता. मुद्दा ओढण्याचा नसतोच. ट्रेलरचं तोंड गाडीच्या पाठीवर टेकलेलं असतं. ते जे टेकतं त्याचं वजन, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के, गाडीला अंगावर घ्यावं लागतं. आणि गाडीनं अंगावर किती घ्यायचं याचा आकडा जाहिरातीत नसतो. तो चालकाचं दार उघडल्यावर चौकटीवर एका पिवळ्या-पांढऱ्या पट्टीवर असतो, वयस्क माणसाला चष्मा काढून वाचावा लागेल एवढ्या टायपात: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाता कामा नये.

मी दार उघडलं. वाकले. १,४८०.

अण्णाही वाकले. “आपल्याकडे ट्रकच्या अंगावर बाहेरून रंगवतात,” ते म्हणाले, “रिकाम्याचं किती, भरल्याचं किती. आरटीओवाल्याला दिसावं म्हणून. इथं आतून चिकटवतात. मालकालासुद्धा दिसू नये म्हणून.”

तिथंच विक्रेत्याच्या टेबलावर, त्याच्याच पेननं मी हिशोब मांडला. ट्रेलर भरून ६,५०० पौंड धरू. बारा टक्के म्हणजे ७८० पौंड गाडीच्या पाठीवर. जोडणीचा लोखंडी सांगाडा ९० पौंड. १,४८० मधून ८७० गेले, उरले ६१०. माणसं सहा, पुढं सलग बाक असलेलं मॉडेल होतं, म्हणून सहा. ६१० भागिले सहा, दरडोई १०१ पौंड. म्हणजे शेचाळीस किलो.

एवढ्या वजनात आमच्या घरात फक्त मुलं बसतात. मोठा तर पुढच्या वर्षी त्यातूनही बाहेर जाईल.

विक्रेत्यानं विषय बदलून सीटला थंड हवा येते ती दाखवली. ती आम्हाला आवडली. पण हिशोब पुरा करायचा तर दरडोई सरासरी पुरणार नव्हती, खरी वजनं लागणार होती. आणि इथून या खरेदीनं वेगळंच वळण घेतलं. इंजिनाची अश्वशक्ती, टॉर्क, गिअरचं गुणोत्तर यावर आमच्याकडे जेवताना मोकळेपणानं चर्चा चालते. पण “तुमचं वजन किती?” म्हटलं की ताटातली चमच्यांची खडखड थांबते.

नवऱ्यानं ड्रायव्हिंग लायसन्स काढून दाखवलं. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत लायसन्सवर वजन छापतात, आणि ते काट्यावर घालून नव्हे, विचारून छापतात. तो आकडा त्यानं विद्यार्थी असताना सांगितला होता, म्हणजे तो वसतिगृहात मॅगीवर जगायचा तेव्हाचा. तेव्हापासून दर नूतनीकरणाला त्यानं तो निष्ठेनं जपला आहे. मी नुसतं पाहिलं, तर म्हणाला, “सरकारी कागद आहे हा.”

अण्णांनी कार्यशाळेतून निवृत्त होतानाचं वैद्यकीय वजन सांगितलं. माझं मी सांगितलं. (किती ते इथं लिहिण्याचं कारण दिसत नाही.) आईंची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, “मी खाली उतरून चालत येईन.”

वास्तविक वजनाच्या बाबतीत आईंएवढा जाणकार माणूस आमच्या घरात नाही. विमानात तेवीस किलोच्या दोन बॅगा मिळतात हे ज्यांच्या हाडीमाशी खिळलं आहे, त्या पिढीतल्या त्या. बॅग नुसती उचलून त्या “बावीस आठशे” म्हणतात, आणि काट्यावर बावीस आठशेच भरतात. याच कौशल्यानं त्यांनी लोखंडी खलबत्ता मुंबई-डेन्व्हर आणलेला आहे. ट्रेलरमध्ये काय न्यायचं याची यादी करायचं काम मी त्यांच्याकडे दिलं, तर हातकाटा घेऊन त्यांनी कुकर, पोळपाट, भाजणीचा डबा, आंबेमोहोर आणि गोडा मसाला सगळं टांगून मोजलं आणि चौकोनी वहीत लिहिलं. खलबत्त्यापुढं त्यांनी रेघ ओढली. “हा आहेच,” म्हणाल्या. म्हणजे तो चर्चेचा विषय नव्हता.

चर्चेचा विषय झालं पाणी. ट्रेलरची टाकी चाळीस गॅलनची. भरली की तिच्यात दीडशे किलो पाणी बसतं. दोन धडधाकट माणसं घरी ठेवली तर टाकी भरून नेता येते. टाकी रिकामी नेली तर दोन माणसं. अण्णांनी तो पर्याय गंभीरपणे घेतला आणि आईंकडे पाहिलं. आई म्हणाल्या, तुम्ही आणि मी घरी राहू, पाण्याला जाऊ द्या.

गंमत अशी की कारखानेदारांनाही हा प्रश्न पडलेला आहे आणि त्यांनी तो फार सोप्या रीतीनं सोडवला आहे. पूर्वी कुठली गाडी किती ओढते हे ज्याचं तोच ठरवायचा. दुसऱ्यापेक्षा शंभर पौंड जास्त छापले की झालं. मग जे-२८०७ नावाचं सामाईक मानक आलं आणि २०११ च्या मॉडेलांपासून सर्वांत आधी टोयोटानं ते पाळलं. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा लांबच लांब चढ उन्हाळ्याच्या उष्म्यात, एसी पूर्ण सोडून, ताशी चाळीस मैलांच्या खाली न येता चढून दाखवावा लागतो. चाचणी कडक आहे, वाद नाही. पण गाडीत माणसं किती धरायची? दोन. प्रत्येकी १५० पौंड, म्हणजे ६८ किलो. मुलं नाहीत, आई-वडील नाहीत, भाजणी नाही. त्या कागदोपत्री जोडप्याला मी मनातल्या मनात पुष्कळदा पाहिलं आहे: दोघंही सडपातळ, दोघांनाही भूक नाही, आणि मागं सात हजार पौंडांचा ट्रेलर, ज्यात झोपायला दुसरं कुणी नाही.

अण्णांना हे तोंड टेकण्याचं प्रकरण मला नीट समजावून सांगावं लागेल असं वाटलं होतं. पुढं वजन जास्त झालं तर गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग बधिर होतं आणि दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडतात. त्यासाठी भार पुढच्या चाकांवर परत ढकलणारी दांड्यांची जोडणी मिळते. आणि वजन कमी झालं, सामान मागं गेलं, तर ट्रेलर हायवेवर शेपटी हलवायला लागतो, आणि एकदा लागला की आवरत नाही. मी कागदावर चित्र काढत होते. अण्णा म्हणाले, “अगं, बैलगाडीचंच आहे. मागं भरलीस तर उलाळ होणार, पुढं भरलीस तर बैलाची मान जाणार. यात इंग्रजी काय आहे?” मग ते उठले आणि खलबत्ता ट्रेलरच्या पुढच्या बाजूला, चाकांच्या जरा पुढं ठेवून आले. तो आजतागायत तिथं आहे.

शेजारचा इलेक्ट्रिक पिकअप पाहून आला होता नवरा. जोर विलक्षण, आवाज शून्य. पण मागं घर जोडलं की एका चार्जमधलं अंतर जवळपास निम्म्यावर येतं, आणि बहुतेक चार्जिंगच्या जागा अशा आखलेल्या की ट्रेलर सोडून ठेवल्याशिवाय गाडी आत जात नाही. दर शंभर-सव्वाशे मैलांवर सव्वीस फुटी ट्रेलर सोडायचा आणि पुन्हा जोडायचा, तोही नवरा-बायकोनं. एक जण मागं उभं राहून हातवारे करतं आणि दुसरं आरशात बघून भलतंच समजतं. इथल्या कॅम्पग्राउंडवर संध्याकाळी लोक खुर्च्या टाकून बसतात ते सूर्यास्तासाठी, असा माझा समज होता. ते यासाठी बसतात.

शिवाय आमचे डोंगर. डेन्व्हरहून पश्चिमेला निघालं की आयझेनहॉवर बोगदा लागतो, अकरा हजार फुटांच्या वर. तिथं साध्या इंजिनालाही दम लागतो. दर हजार फुटांमागं सुमारे तीन टक्के जोर कमी, म्हणजे माथ्यावर पोचेपर्यंत एक तृतीयांश घोडे वाटेतच उतरलेले. टर्बो असेल तर बरंचसं भागतं. पण चढाचं मला कधीच भय नव्हतं, चढावर फार तर मागचे हॉर्न वाजवतील. पलीकडचा उतार बघा. ब्रेक तापून निकामी झालेल्या ट्रकांनी घुसावं म्हणून कडेला खडीच्या चढत्या वाटा करून ठेवल्यात, त्यांच्या पाट्या वाचत उतरायचं. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात आणि ते चालवणारा कंट्रोलर गाडीत लागतो. शिवाय ट्रेलर ढकलायला लागला तरी ढिम्म न हलणारी अंगानं जड गाडी पुढं लागते. सायकलपटूच्या जाहिरातीत उतार दाखवलेला नाही.

तर अर्ध्या टनाची गाडी बाद झाली. (तिला अर्धा टन म्हणतात, फोर्ड तिच्यावर १५० लिहितो, बाकीचे बहुतेक १५००, आणि पेलते ती अर्ध्या टनाहून बरंच जास्त. अण्णांनी हे तीनदा विचारून घेतलं आणि मग “बरं” म्हणाले.) आम्ही पाऊण टनात गेलो. तिथं नवऱ्याला डिझेल हवं होतं, आवाजासाठी. मी दोन्ही दारं उघडली. त्याच मॉडेलच्या डिझेलची पट्टी पेट्रोलपेक्षा सुमारे सातशे पौंडांनी कमी! इंजिनच एवढं जड, की जवळपास पाव परवानगी तेच खाऊन बसतं. पेट्रोलवर लिहिलं होतं २,९००. वजा ८७०. उरले २,०३०. भागिले सहा.

“दरडोई १५३ किलो,” मी जाहीर केलं.

घरात इतकं मोकळं वातावरण मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. आईंनी त्या रात्री बासुंदी केली.

गाडी एकवीस फूट लांब आहे, गॅरेजमध्ये मावत नाही. इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये ती दोन जागांवर उभी राहते आणि ओळखीचे लोक मला “नवीन धंदा काढला का?” विचारतात. ट्रेलर नसताना ती रिकामी असते आणि प्रत्येक खड्ड्यावर आम्हाला उडवते. अण्णा मागच्या सीटवर डोळे मिटून बसतात. त्यांना स्वारगेट आठवतं.

पहिल्या सहलीला निघताना मी हट्टानं सगळा लवाजमा ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर नेला. कागदावरचा हिशोब निराळा, काट्यावरचा निराळा. लांबलचक पत्र्यावर गाडी उभी करायची, खिडकीतून हात काढून बटण दाबायचं. वरून आवाज येतो: कंपनीचं नाव? नवरा गडबडला. मागून अण्णा खणखणीत म्हणाले, “फॅमिली!” पावती आली. पुढचा आस, मागचा आस, ट्रेलरचे आस, प्रत्येकाचं वेगळं. सगळं मर्यादेत, आणि पाण्याची टाकी गळ्यापर्यंत भरलेली असताना. आई हे सगळं होईपर्यंत सीटवर ताठ बसून होत्या, श्वास आत घेऊन.

मग त्या कॉफी आणायला खाली उतरल्या, आणि अण्णांनी पावतीवरची बारीक ओळ वाचली: चोवीस तासांच्या आत फेरवजन अगदी थोड्या पैशांत. मी नको म्हणाले. नवरा नको म्हणाला. मुलं हो म्हणाली. अण्णांनी खिडकी खाली केली.

आई दोन कप घेऊन परत आल्या तेव्हा दुसरी पावती अण्णांच्या हातात होती. त्यांनी ती काढून घेतली, पहिली मागितली, दोन्ही शेजारी शेजारी धरल्या आणि तोंडी वजाबाकी केली. ट्रकांचा काटा तो, वीस-वीस पौंडांच्या खाली काही मोजत नाही. त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत.

“यात पर्स धरलीये,” त्या म्हणाल्या. “आणि चपला.”