आधीच्या सहा पायऱ्या

अनेक मोठ्या ऑफिसांत हल्ली एक मेल येतो. गुरुवारी दुपारी सगळ्यांनी मीटिंग रूममध्ये जमायचं आहे, सैल कपडे घाला, प्रशिक्षक बाहेरून येणार आहेत, विषय मनःशांती. त्याच दिवशी त्याच ऑफिसातून दुसराही मेल निघतो: उद्या सकाळच्या कॉलआधी सगळे आकडे तयार हवेत. पहिल्या मेलबद्दल माझी काही तक्रार नाही. मी स्वतः रोज पहाटे ध्यानाला बसते. राग चढायच्या आधी तो येतोय हे कळणं, उत्तर देण्याआधी अर्धा क्षण हाती लागणं, ही कमाई मला फार मोलाची वाटते. तक्रार आहे ती या दोन मेलच्या जोडीबद्दल.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांचं ९० तासांचं आणि रविवारीही कामाला बोलावण्याचं बोलणं बाहेर आलं. ९० तास म्हणजे एकही सुट्टी न घेता रोज जवळजवळ १३ तास. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाच्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ वर आणि दुकानं-आस्थापनांतली ९ वरून १० वर न्यायला मंजुरी दिली. कारखान्यांतल्या तिमाही ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर गेली. त्यासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असंही सांगितलं गेलं. कंत्राटावर असलेल्या, महिन्याच्या पाच तारखेला घरभाडं द्यायचं असलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणायची मुभा किती असते, हे मंत्रिमंडळातल्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक आहे.

माणसाचे इतके तास घेतले की त्याची झोप जाते, चिडचिड वाढते, घरी पोरांवर हात उगारला जातो. मग त्याला डोळे मिटून श्वासाकडे बघायला सांगतात.

पतंजलींनी योगाची आठ अंगं सांगितली: यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी. ध्यान सातवं आहे. आज जे विकलं जातं ते थेट सातव्या पायरीवर उडी मारायला सांगतं. आधीच्या सहापैकी आसन आणि प्राणायाम तेवढे सोबत घेतले जातात, कारण त्यांचा कुणाला त्रास नाही. यम मात्र त्रासदायक आहेत. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. अस्तेय म्हणजे चोरी न करणं. कामगाराचा न मोजलेला, न दिलेला तास ही चोरीच आहे. अपरिग्रह म्हणजे गरजेपेक्षा जास्त साठवून न ठेवणं. या दोन शब्दांवर ज्या दिवशी संचालक मंडळाचं सत्र होईल, त्या दिवशी मी पहिल्या रांगेत येऊन बसेन.

बुद्धाच्या वाटेवरही हेच. आधी शील, मग समाधी, मग प्रज्ञा. अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती, म्हणजे सजगता, आहे, तशीच सम्यक आजीविकाही आहे. पोट कशावर भरता आणि ते भरताना कुणाला दुखावता, हा प्रश्न ध्यानाच्या आधीच येऊन उभा राहतो. स्मृती उचलायची आणि आजीविका तिथेच टाकून यायची, ही निवड बुद्धाने कुणाला दिलेली नव्हती.

ऑफिसात ध्यान शिकवणारा एक माणूस मला मनापासून आवडतो. त्याचं नाव सयाजी ऊ बा खिन. १९४८ मध्ये ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि ते देशाचे महालेखापाल झाले. म्हणजे सरकारी हिशेबांचे सर्वात वरचे अधिकारी. त्यांनी आपल्या कचेरीतच विपश्यनेची सोय केली आणि हाताखालच्या लोकांना बसायला शिकवलं. पण ते स्वतः आधी बसत होते, आणि लाच घेणाऱ्याला त्यांच्या कचेरीत थारा नाही अशी त्यांची ख्याती होती. शील आणि समाधी एकाच टेबलावर होती. साहेब स्वतः बसत नसेल आणि फायली स्वच्छ नसतील, तर हाताखालच्यांना ध्यानाला बसवण्याचा अधिकार त्याच्याकडे येतो कुठून, हे मला ऊ बा खिन यांच्याकडे बघून कळलं.

१९५५ मध्ये त्यांच्याकडे एक तरुण मारवाडी व्यापारी आला. मंडालेचा जन्म, घरचा मोठा कारभार आणि डोक्यात असह्य अर्धशिशी. दुखणं थांबवायला मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. देशोदेशीचे डॉक्टर करून झाले होते. डोकेदुखी घालवायची म्हणून शिकायचं आहे, असं कळल्यावर ऊ बा खिन यांनी त्याला नकार दिला. मन स्वच्छ करायचं असेल तर ये, डोकेदुखीसाठी ही विद्या खर्ची घालणार नाही, असा त्या नकाराचा अर्थ होता. तो व्यापारी पुढे त्या अटीवर आला, बसला, शिकला. ते सत्यनारायण गोयंका. १९६९ मध्ये ते भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीत धम्मगिरी हे विपश्यना केंद्र उभं राहिलं.

इगतपुरीच्या दहा दिवसांच्या शिबिराला फी नाही. राहणं-जेवण आधी येऊन गेलेल्यांच्या दानातून चालतं. ज्याने एकही शिबिर पूर्ण केलेलं नाही, त्याचं दानही घेत नाहीत. पहाटे चारला घंटा, दिवसाला सुमारे दहा तास बैठक, मौन, मोबाइल जमा, वही-पेनही जमा. पहिले तीन दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना. आणि या सगळ्याच्या आधी पंचशील घ्यावं लागतं, त्याशिवाय सुरुवातच नाही. हे सगळ्यांना झेपतं असं नाही, आणि प्रत्येकाने दहा दिवस जावंच असंही मी म्हणणार नाही. पण दुखण्यावर तेवढा उतारा मागायला आलेल्याला परत पाठवणाऱ्या गुरूची ही परंपरा आहे. तिच्याच नावावर आज दुखण्याचं कारण तसंच ठेवून उतारा वाटला जातो, याचा मला संताप येतो.

या वाटपाचा उपयोग किती, हे मोजलं गेलं आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली आणि २०२४ मध्ये निष्कर्ष छापले. ध्यानाची अ‍ॅप, मनाची लवचिकता वाढवण्याचं प्रशिक्षण, ताण हाताळायच्या कार्यशाळा अशा कार्यक्रमांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्वास्थ्यात फरक आढळला नाही. थोडाफार फायदा दिसला तो समाजकार्यात वेळ देणाऱ्यांत. ध्यान निरुपयोगी आहे असा याचा अर्थ कुणी काढू नये. २०१४ मध्ये माधव गोयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४७ चाचण्या, ३,५१५ माणसं एकत्र तपासली, तेव्हा ध्यानाने चिंता, उदासी आणि वेदना काही प्रमाणात कमी होतात असं दिसलं. व्यायाम किंवा औषध यांच्यापेक्षा ते सरस ठरतं असं मात्र दिसलं नाही. नीट शिकून, नेमाने बसणाऱ्याला लाभ होतो. कामाचे तास, माणसांची संख्या आणि साहेबाचा आवाज यांतलं काहीही न बदलता वाटलेल्या तासाभराने होत नाही.

म्हणून ऑफिसात ध्यान ठेवणाऱ्यांना मी तीन गोष्टी विचारेन. हा तास कामाच्या तासांत धरला आहे का? रात्री नऊनंतर फोन न उचलणाऱ्याच्या वार्षिक मूल्यमापनात काय लिहिलं जातं? आणि वरचे साहेब या खोलीत बसणार आहेत का? तिन्ही उत्तरं बरी आली तर खुशाल बसा, मनापासून बसा.

आता आपल्या स्वतःकडे येऊ. एकटं बसणं आपल्याला जड जातं, आणि त्याचा दोष कुठल्याच कंपनीला देता येणार नाही. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या टिमथी विल्सन यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग छापला. माणसांना रिकाम्या खोलीत १५ मिनिटं नुसतं आपल्या विचारांसोबत बसायला सांगितलं. हवं असल्यास स्वतःला विजेचा सौम्य झटका देण्याचं बटण जवळ होतं. तो झटका नको म्हणून पैसे मोजायला तयार असलेल्या १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी तरीही ते बटण दाबलं. स्वतःशी पंधरा मिनिटं काढण्यापेक्षा झटका बरा वाटला.

आणि बसल्यावर जे सुरू होतं, ते नेहमी आत्मपरीक्षण असतंच असं नाही. पुष्कळदा ते कुढणं असतं. माझ्याच वाट्याला हे का, तो असं का बोलला, मी तेव्हा गप्प का बसले. हे तासन्‌तास फिरतं आणि माणूस समजतो की आपण खोल विचार करतोय. मानसशास्त्रज्ञ सुझन नोलन-होक्सिमा यांनी या रवंथावर वर्षानुवर्षं काम केलं आणि त्याने उदासी लांबते, खोल जाते, हे दाखवलं. कुढण्यातून बाहेर यायला मला वही सर्वात भरवशाची वाटते. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांच्या १९८६ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहिलं. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. कागदावर ‘का’ फार वेळ फिरू शकत नाही. तारीख लिहावी लागते, कोण काय म्हणालं ते लिहावं लागतं, आणि लिहिता लिहिता दिसतं की यातलं काय आपल्या हातात होतं आणि काय अजूनही आहे.

जिथे मन खरोखर आजारी आहे, दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, जगण्यात रस नाही, तिथे ‘ध्यान कर, बरं वाटेल’ हा सल्ला धोक्याचा आहे. विपश्यना केंद्रंसुद्धा प्रवेश अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात. अशा माणसाला डॉक्टरकडे घेऊन जा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. हा क्रमांक घरात दिसेल असा लिहून ठेवा.

शेवटी घर. आपल्याकडे पहाटे ध्यानाला बसणारा पुरुष हा घराचा अभिमान असतो. तो बसलेला असताना कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून बाई गॅस बारीक करते. मुलांना हळू बोला म्हणून खुणावते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या बायकांची त्यावर रोज सरासरी २८९ मिनिटं जातात आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ८८, असं निघालं. हात न लावणारे तर या सरासरीत येतच नाहीत, आणि बहुसंख्य पुरुष त्यांच्यातच मोडतात. ज्या शांततेत तो आत वळतो, ती शांतता तिच्या कामातून येते, आणि तिला कुणी ध्यान शिकवायला येतच नाही. शिकवायला आलं तरी ती बसणार कधी? डबा, दूध, सासूबाईंच्या गोळ्या, शाळेची बस, हे सगळं त्याच तासात असतं. ध्यानाने मन खरंच मऊ होत असेल, तर त्याने आठवड्यातल्या निदान तीन पहाटे डबा, दूध, गोळ्या आणि बस आपल्याकडे घ्यावी. त्या वेळात ती आसनावर बसेल, की पुन्हा पांघरूण ओढून झोपेल, की नुसती गॅलरीत उभी राहील, हे तिचं तिला ठरवू द्यावं.