लाल बटणाची तलवार

"आजोबा, तुला दाखवायची हवीय की लढायची?"

बारा वर्षांच्या ईशानने हा प्रश्न विचारला, तेव्हा आम्ही अमेरिकेत, फ्रीमाँटला माझ्या लेकीच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलो होतो. वाढदिवसाला आजोबांनी काहीतरी घ्यायचं होतं आणि त्याला हवी होती तलवार. म्हणजे 'स्टार वॉर्स'मधली, उजेडाच्या पात्याची, लाइटसेबर. मी लगेच हो म्हणून बसलो, कारण खेळण्यातली तलवार घ्यायला फारशी अक्कल लागत नाही असा माझा साठ वर्षांचा समज होता.

आमच्या मिरजेत तलवारी दोन जातींच्या. एक उरुसात मिळणारी लाकडी आणि दुसरी गणपतीतल्या नाटकासाठी पुठ्ठ्यावर बेगड चिकटवून केलेली. पहिली लढायची, दुसरी दाखवायची. पण हे विकत घेताना कोणी विचारत नसे. पहिल्याच वाराला मूठ आपल्या हातात राहिली आणि पातं शेजारच्यांच्या परसात गेलं, की आपोआप कळे.

इथे मात्र आधी शिक्षण. ईशानने सांगितलं की दिवा कुठे आहे यावर सगळं अवलंबून. एका प्रकारात दिवा मुठीत असतो, पातं म्हणजे नुसती पोकळ नळी. उजेड खालून वर जातो आणि टोकाकडे जरा मंदावतो. दुसऱ्या प्रकारात, ज्याला नियोपिक्सेल म्हणतात, नळीच्या आतच बारीक एलईडींची पट्टी असते. बटण दाबलं की उजेड मुठीपासून टोकापर्यंत सरसरत चढतो, अगदी पडद्यावरच्यासारखा. दिसायला हीच देखणी आणि किमतीलाही.

"मग हीच घेऊ," मी म्हणालो.

"पण लढलास तर आतली पट्टी जाते. एक एलईडी गेला की पुढचे सगळे बंद."

हे मला लगेच पटलं. पहिला प्रकार म्हणजे कंदील, दुसरा म्हणजे दिवाळीची माळ. माळेतला एक दिवा गेला की घरातल्या कर्त्या पुरुषाची संध्याकाळ कशी जाते, ते मी चाळीस वर्षं अनुभवलंय.

पुढे नळीचा अभ्यास. नळी पॉलिकार्बोनेटची, बाहेरून एक इंच जाड. दाखवायच्या नळीची भिंत दोन मिलिमीटरची चालते, लढायच्या नळीची तीन हवी. लांबी साधारण ३२ किंवा ३६ इंच. मुठीत १८६५० नावाची बॅटरी. हा आकडा मला पिनकोडचा तुकडा वाटला, पण अर्थ सरळ निघाला, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. डिस्नेलँडमध्ये २०१९ साली एक कार्यशाळा उघडली, तिथे सुटे भाग निवडून आपल्या हाताने तलवार जुळवता येते. उघडली तेव्हाचा दर दोनशे डॉलर. मी डॉलरला अजून ऐंशीने गुणतो. गुणाकार झाला आणि मला तहान लागली.

पाणी पिताना वाटलं, दाखवायची की लढायची हा प्रश्न काही तलवारीपुरता नाही. आमच्या शोकेसमध्ये सोनेरी काठाचे सहा कप होते. ते 'पाहुण्यांचे'. पण आलेला प्रत्येक पाहुणा आईच्या मते घरचाच निघे आणि त्याला स्टीलच्या पेल्यात चहा मिळे. कपांच्या लायकीचा पाहुणा तीस वर्षांत आला नाही. कप मात्र एकही फुटला नाही. जपून ठेवलेल्या वस्तूचं आयुष्य मोठं असतं, त्या आयुष्यात काही घडत नाही इतकंच.

"आता मुठी बघ," ईशान म्हणाला आणि त्याने पडद्यावर एक मूठ मोठी करून दाखवली. चकचकीत धातूची नळी, मधे एक पट्टा, पट्ट्याजवळ लाल बटण. "ही ल्यूकची, हीरोची. ओरिजिनल."

मी चष्मा पुसला. परत पाहिलं.

"ही अण्णांची फ्लॅशगन आहे," मी म्हणालो.

अण्णा म्हणजे माझे वडील. मिरजेत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाला जाताना ते एक धातूची नळी कॅमेऱ्याच्या कुशीला अडकवत. नळीत तीन जाडे सेल, वरच्या टोकाला ताटलीएवढा परावर्तक, त्यात काचेचा बल्ब. लाल बटण दाबलं की भप्पकन लखलखाट होई आणि बल्ब कायमचा संपे. एक फोटो, एक बल्ब. त्यामुळे अण्णा आधी खूप वेळ माणसं सरळ करत आणि मग एकदाच दाबत. त्या एकदाच्या वेळी मी नेमके डोळे मिटत असे. आमच्या घरचा एकही जुना ग्रूप फोटो असा नाही ज्यात मी जागा आहे.

ईशानला वाटलं आजोबा गंमत करतायत. मग त्यानेच शोधलं आणि गंमत खरी निघाली. १९७७ च्या पहिल्या सिनेमासाठी वस्तू जमवणाऱ्या रॉजर ख्रिश्चनच्या हाताशी पैसा बेताचा होता. लंडनमधल्या एका फोटोच्या दुकानात त्याला ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या फ्लॅशगनच्या नळ्या सापडल्या. त्याने मुठीवर रबराच्या पट्ट्या चिकटवल्या, कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची भिंगांची पट्टी काढून पट्ट्यात खोचली आणि आकाशगंगेतलं सर्वांत मोलाचं शस्त्र तयार झालं. ल्यूकच्या म्हाताऱ्या गुरूच्या, ओबी-वानच्या, मुठीत तर जेट इंजिनाचा तुकडा आहे, रायफलीतून उडवायच्या ग्रेनेडचा भाग आहे आणि बाथरूमच्या नळाची चावीसुद्धा आहे. खलनायक व्हेडरची मूठही फ्लॅशगनच, फक्त इंग्लंडात बनलेली. पुढे त्या सिनेमाच्या कलादिग्दर्शनाला ऑस्कर मिळालं, त्यात ख्रिश्चनचाही वाटा होता.

मला यात नवल वाटलं नाही. मिरजेच्या सितारमेकर गल्लीत वाळत टांगलेला भोपळा बाहेरच्या माणसाला भाजी दिसतो, तिथल्या माणसाला तंबोरा. लंडनच्या त्या दुकानात गेलेला माणूस आमच्या गल्लीतला म्हणून खपला असता.

नवल वाटलं ते पुढचं वाचून. त्या मुठीच्या नादाने लोकांनी जगभरच्या जुन्या फ्लॅशगन शोधून शोधून उचलल्या. आता कॅमेरा एकीकडे आणि त्याची फ्लॅशगन कुणाच्या तरी भिंतीवर तलवार होऊन, अशी गत आहे. जुन्या कॅमेऱ्यांचे शौकीन त्यावर चिडून असतात. आणि मी? अण्णा गेल्यावर स्टुडिओ रिकामा केला, तेव्हा ती नळी मी भंगारात घातली. किलोवर. अण्णांच्या गनवर नाव दुसऱ्या कंपनीचं होतं, पण जात तीच. भंगारवाल्याने ती हातात तोलली आणि गाडीत टाकण्याआधी एकदा हवेत फिरवली. तेव्हाच मी शहाणा व्हायला हवं होतं.

"मग हीच मूठ घेऊ," मी म्हणालो. या वेळी आवाज जरा वेगळा लागला असावा, कारण ईशानने लगेच नकार दिला नाही. हळूच म्हणाला, "लढायला वाईट आहे पण."

त्याचंही खरं होतं. लढणाऱ्यांना साधी, सडसडीत, कुठेही टोचणार नाही अशी मूठ लागते. फ्लॅशगनची मूठ जाडी, तिचा पट्टा तळव्यात रुततो, बटण नको तेव्हा दाबलं जातं. ती मुळात धरून उभं राहायला केलेली वस्तू. नवऱ्या मुलाला 'जरा हसा' म्हणताना ती कुणी गरगर फिरवत नसे.

आणि लढणं ही आता थट्टा राहिलेली नाही. फ्रान्सच्या तलवारबाजी महासंघाने २०१९ मध्ये याला रीतसर खेळ म्हणून मान्यता दिली. तीन मिनिटांची लढत. डोक्याला किंवा धडाला स्पर्श झाला तर पाच गुण, हातापायाला तीन, पंजाला एक. वार करण्याआधी पात्याचं टोक मागे न्यावं लागतं, म्हणजे फेक मोठी होते आणि बघणाऱ्याला सिनेमा वाटतो. लढाईतही दाखवणं आलंच.

तलवारीचा आवाजही मुठीसारखाच जुन्या वस्तूंतून जमवलेला. सिनेमाचे आवाज करणाऱ्या बेन बर्टने पात्याचा तो घूंऽऽ काढला सिनेमाच्या जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरमधून आणि टीव्हीच्या नळीजवळून मायक्रोफोन नेताना आलेल्या गुरगुरीतून. आता मुठीतली चिप तो आवाज काढते आणि हात फिरेल तसा तो वळवते. पण पुढच्या सिनेमांत तरुण ओबी-वान झालेला इवान मॅग्रेगर लढताना तोंडानेच घूंऽऽ करत असे आणि त्याला सांगावं लागे की आवाज आम्ही नंतर भरू. हे वाचल्यावर मला तो माणूस आवडला. पातं परसात गेल्यावरही आम्ही तोंडाने लढाई चालू ठेवत असू.

पेच शेवटी लेकीने सोडवला. स्वयंपाकघरातून ती म्हणाली, "बाबा, एकट्याने कोण लढतं? दोन तर लागतीलच." तीन दिवस आम्ही दोघांनी अभ्यास केला, पण लढायची घ्यायची म्हणजे जोडी घ्यायची हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. ईशानसाठी साध्या मुठीची मागवली, माझ्यासाठी लाल बटणाची. दोन्हींची नळी तीन मिलिमीटरची, कारण जाड्याशी पातळ भिडलं की पातळ फुटतं. गुणाकार मी केला नाही.

खोकी आली ती नवरात्रात. मी ईशानशी रोज संध्याकाळी अंगणात लढलो आणि रोज हरलो. पंजाचे एक-एक गुण मिळाले, तेही बहुधा त्याने दिले म्हणून. पट्टा तळव्यात रुतला, त्याचा वळ उठला. तो मी जावयाला दाखवला.

मग खंडेनवमी आली. खंडा म्हणजे तलवार, तिच्याच नावाचा दिवस. पण मिरजेत त्या दिवशी सितारमेकर आपल्या पटाशा आणि कानशी पुजत. आणि अण्णा पाटावर लाल कापड घालून त्यावर कॅमेरा मांडत, शेजारी फ्लॅशगन. तिला हळदकुंकू, तिला झेंडू. त्या दिवशी तिला हात लावायचा नाही. रॉजर ख्रिश्चन त्या दुकानात शिरला त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या घरी ती नळी शस्त्रांच्या रांगेत बसत होती, आणि मी ती किलोवर दिली.

लेकीने पाटावर तिचा लॅपटॉप ठेवला, जावयाने गाडीची किल्ली. ईशानने त्याची तलवार ठेवली. मग त्याने माझीही आणली आणि कॅमेरा म्हणून आपला फोन तिच्याशेजारी ठेवला. हे मी त्याला सांगितलं होतं की नाही, आठवत नाही. कुंकवाचं बोट टेकवताना त्याने विचारलं, "एकदा लावू का? फक्त एकदा."

आज हात लावायचा नसतो, हे मी सांगणार होतो. पण तोवर त्याचा अंगठा लाल बटणावर गेला होता, आणि साठ वर्षांच्या सवयीने मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा उजेड अजून होता.