कोयनेपलीकडच्या मंडळींना, पुण्याहून सप्रेम

कोथरूड, पुणे

रा. रा. समस्त ग्रामस्थ मंडळी, खिरखंडी, कांदाटी खोरे आणि शिवसागर जलाशयाच्या पलीकडची यच्चयावत गावे, यांसी सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुम्ही रस्ता आणि पूल मागता आहात असं कानावर आलं. ऐकून आमच्या टेकडीवरच्या सकाळच्या कंपूला धक्काच बसला. थंडी पडली की आम्ही शुक्रवारी रात्री पुणं सोडतो, साताऱ्याला चहा घेतो, कासच्या पठारावर फुलं कधीच संपलेली असली तरी उतरून फोटो काढतो आणि उजाडता उजाडता बामणोलीला पोचतो. मग वनखात्याची परवानगी, होडी आणि दीडेक तास नुसतं पाणी, की आला वासोटा किल्ल्याचा पायथा. वाटेत मोबाइलची रेंज गेली की आमच्यातले दोघं-तिघं अक्षरशः भावुक होतात. ‘माणसानं इथंच राहावं,’ असं म्हणतात आणि संध्याकाळच्या होडीची वेळ पुन्हा विचारून घेतात. अशा जागी पूल बांधायचा म्हणजे काय!

तुम्ही नकाशावरचं बेट नाही, हे आम्हाला कळतं. पण पुढे पाणी, मागे सह्याद्रीची भिंत, मधे अभयारण्य. बेटाला आणखी काय लागतं? आणि हे भाग्य तुम्हाला फुकट मिळालंय. कोयना धरण व्हायच्या आधी तुम्ही कोण होतात? नदीकाठी भातखाचरं असलेली, चालत बाजाराला जाणारी चारचौघांसारखी गावं. १९६०च्या दशकात पाणी अडलं आणि सरकारनं तुम्हाला एका फटक्यात ‘लेक व्ह्यू’ करून टाकलं. मुळशी-पानशेतच्या काठावर तेवढ्यासाठी आमची माणसं आयुष्यभराची पुंजी मोजतात. तुमच्यातल्या कितीतरी जणांना ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत जमिनी दाखवल्या. काहींच्या जमिनी कागदावरून शेतात उतरल्याच नाहीत. काही जण बुडीत रेषेच्या वर सरकून डोंगरालाच चिकटले. २०१८ साली तुमचे धरणग्रस्त कोयनानगरला ठिय्या देऊन बसले तेव्हा धरणाला पन्नास वर्षं उलटून गेली होती. इतका चिवट स्वभाव असल्यावर पूल कशाला लागतो?

विजेचं म्हणाल, तर आम्ही कृतज्ञ आहोत. कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट. पूर्वेला वाहणारी नदी बोगद्यांतून पश्चिमेला उतरवून पोफळीला चाकं फिरवायची, ही काय साधी गोष्ट आहे? आमच्या सोसायटीची लिफ्ट त्यातल्या कुठल्या मेगावॅटवर चालते हे सांगता येणार नाही, पण लिफ्ट बंद पडली की आम्हाला तुमची आठवण येते. पुढे १९८५ साली तुम्हाला अभयारण्य लाभलं आणि २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. नाचणी गव्यांनी खाल्ली आणि वरई रानडुकरांनी उकरली, तर त्यात दुःख कसलं? ते पाहायला लोक पैसे भरतात.

आता मुलींबद्दल. खिरखंडीच्या मुली स्वतः वल्ही मारत होडी पलीकडे न्यायच्या, काठाला बांधायच्या, तिथून जंगलातून चारेक किलोमीटर चालून अंधारीची शाळा गाठायच्या आणि संध्याकाळी तसंच परत, हे वाचून आम्हाला कौतुक वाटलं. आमच्याकडे वल्हवायला इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब आहे. रेगाट्याला नदीकाठी ही गर्दी! तुमच्या मुलींना प्रेक्षक नव्हते, एवढीच काय ती उणीव. तीही जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं भरून काढली. वर्तमानपत्रातली बातमी वाचून स्वतःहून दखल घेतली आणि सरकारला जाब विचारला. त्याच वर्षी तुमच्याच खोऱ्यातल्या दरे गावचे सुपुत्र मुख्यमंत्री झाले. मग न्यायालयानं त्यांच्या गावच्या दोन हेलिपॅडची आठवण काढली. हेलिपॅडला हरकत नाही, पण पोरांना शाळेत जायला रस्ताही हवा, असं सुनावलं. न्यायमूर्तींना गिर्यारोहणाची आवड नसावी.

आणि पुलांचं आम्हाला विचारा. पूल हवा म्हणणाऱ्यांना पुण्यात महिनाभर ठेवलं पाहिजे. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल आम्ही २०२० साली पाडला, कारण तो बांधताना चुकला होता. चांदणी चौकातला २ ऑक्टोबर २०२२च्या मध्यरात्री स्फोट करून पाडला. तोही एका दमात पडला नाही, उरलेला पोकलेननं ओढावा लागला. भिडे पूल दर पावसाळ्यात खडकवासल्याच्या पाण्याखाली जातो आणि पुणेकर छत्री घेऊन ते बघायला जातात. २५ जुलै २०२४ला तर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत माणसं होडीतून बाहेर काढली. तेव्हा होडी ही काही मागासलेपणाची खूण नाही. स्मार्ट शहरातसुद्धा ती लागते.

फरक एवढाच, की आमच्याकडे पाणी लवकर ओसरलं आणि पंचनामेही झाले. हे वाक्य चुकून लिहिलं गेलं, सोडून द्या.

तुमची तरुण मुलं गावात राहत नाहीत, अशीही एक तक्रार ऐकू येते. अहो, ती वाया गेलेली नाहीत. जावळीच्या माणसानं मुंबईच्या बाजारात माथाडी होऊन पिढ्यान्‌पिढ्या ओझी वाहिली. आता त्यांची नातवंडं पुण्यात आहेत, आमच्या गेटवर शिट्टी घेऊन, आमच्या दारात पार्सल घेऊन. त्यांना आम्ही ‘गाव कुठलं?’ असं विचारतो. ‘बामणोलीच्या पलीकडं’ म्हटलं की ‘काय नशीबवान आहेस रे!’ म्हणतो आणि ओटीपी देतो. स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटावर तरणी माणसं उरेनात, तेव्हा शेवटच्या ३६ जणांनी आपणहून सरकारला विनंती केली की आम्हाला इथून न्या. ऑगस्ट १९३०मध्ये त्यांना नेलं. आज ते बेट जागतिक वारसा आहे. बघा, किती सोपं असतं.

पण तुम्ही निराश होऊ नका, तुमच्या भवितव्याचा विचार वरच्या पातळीवर झालेला आहे. सातारा जिल्ह्यातली शेकडो गावं धरून ‘नवीन महाबळेश्वर’ नावाचं गिरिस्थान व्हायचंय. नियोजन रस्ते विकास महामंडळाकडे आहे. तापोळ्याजवळ अहीरकडे जाणारा केबलचा पूलही सरकारनं मनावर घेतला, आणि त्याच्या आराखड्यात जलाशय उंचावरून पाहायला गॅलरीची सोय धरली. म्हणजे पूल येणारच नाही असं नाही. आम्हाला बघायला काही असेल तिथं येईल. रुग्णाला खाटेवरून होडीत, होडीतून जीपमध्ये चढवणाऱ्यांनी गॅलरीत उभं राहू नये, एवढी शिस्त पाळावी. तुमच्या ग्रामसभेनं काय मागितलं होतं, हे त्या आराखड्यात शोधायला गेलात तर वेळ जाईल, आणि होडी चुकेल.

तेव्हा आमची नम्र सूचना अशी, की तुम्ही आहात तसेच राहा. चूल विझवू नका, भाकरीचा वास आम्हाला काठावरूनच आला पाहिजे. दवाखाना, शाळा, एसटी असल्या गोष्टींनी फोटोची चौकट बिघडते. बाकी सर्व क्षेम.

आपला,
एक निसर्गप्रेमी पुणेकर

ता. क. हे पत्र वाचणाऱ्या गाववाल्यांसाठी, म्हणजे पुण्याच्या. २१ मे २०२४च्या संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, येणारी होडी वादळात उजनीच्या पाण्यात उलटली. एक जण पोहून वाचला, सहा जण बुडाले. तिथंही पूल पूर्वीपासून मागितलेला होता. पुढच्या खेपेला बामणोलीत होडीत बसाल तेव्हा भाड्यावरून घासाघीस करू नका, लाइफ जॅकेट मागून घ्या. आणि शेजारी दप्तर घेऊन एखादी मुलगी बसली असेल, तर तिला जॅकेट मिळालंय का, ते होडीवाल्याला मोठ्यानं विचारा.