'तुम्ही बसा' पुरे झालं

साठी उलटली की घराच्या मायेला एकच वाक्य येतं: तुम्ही बसा. दळणाचा डबा उचलायला गेलं, तुम्ही बसा. भाजीची पिशवी तर दारातच हातातून काढून घेतात. मग पंचाहत्तरीला तेच घर डॉक्टरांना विचारतं, आई हल्ली खुर्चीतून उठताना हात का टेकते? बसवून ठेवलंत म्हणून टेकते.

बसवण्याची किंमत मोजलेली आहे. २००७ साली अमेरिकेत सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट माणसांना १० दिवस अंथरुणावर ठेवून पाहिलं. पायांतलं चरबीखेरीजचं वजन, म्हणजे मुख्यतः स्नायू, जवळजवळ एक किलो उतरलं. आजार कुणालाच नव्हता, नुसती विश्रांती. आपल्याकडे साधा ताप आला तरी म्हाताऱ्या माणसाला आठवडाभर खाटेवरून उतरू देत नाहीत.

आता उलटी बाजू. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात संशोधक मारिया फियातारोने यांनी नव्वदीच्या आसपासच्या १० जणांना पायांनी वजन उचलायला लावलं. हलकंफुलकं नाही, जास्तीत जास्त जेवढं पेलेल त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, आठवड्यातून तीनदा. ८ आठवडे पूर्ण करणाऱ्या ९ जणांच्या मांडीची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली. दोघांनी काठी सोडली. व्यायाम थांबवल्यावर मात्र चारच आठवड्यांत ताकदीचा तिसरा हिस्सा गेला. नव्वदीत हे होतं, तर पासष्टीच्या बाबांना 'आता या वयात कशाला' म्हणणारे आपण कोण?

'पण बाबा रोज चालतात की!' चालू देत, हृदयाला ते हवंच. पण भार वाढत गेल्याशिवाय स्नायूची ताकद वाढत नाही, आणि सपाट रस्त्यावर मांडीला भार तो किती? जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना चालण्याजोडीने आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगते. आपण पहिला भाग ऐकला, बूट आणले आणि उरलेला सोडून दिला. परदेशातला मुलगा प्रोटीन पावडरचा डबा पाठवतो, त्यालाही एक सांगायला हवं. फियातारोने यांनीच १९९४ मध्ये १०० वृद्धांवर दुसरा प्रयोग केला. त्यात व्यायामाविना नुसतं पोषक पेय घेणाऱ्यांची ताकद वाढली नाही.

आणि हे सगळं दंड फुगवायला नाही. शौचालयातून एकटीने उठता यावं, एसटीची पायरी चढता यावी, पाय अडखळला तर सावरता यावं, यासाठी आहे. उठायला दुसऱ्याचा हात लागला की आपल्या बायका पाणी पिणं कमी करतात, लग्नाकार्याला जाणं टाळतात आणि कारण कुणालाच सांगत नाहीत. ही लाज वयाच्या माथी मारू नका, तिचा बराचसा भाग मांडीच्या ताकदीने टळतो.

सुरुवात भिंतीला टेकवलेल्या खुर्चीपासून करा. हात छातीशी बांधून उठायचं, सावकाश बसायचं, श्वास रोखायचा नाही. दहादा सहज जमू लागलं की हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घ्यायच्या, त्याही हलक्या वाटल्या की वजन वाढवायचं. रक्तदाब, हृदयविकार किंवा ठिसूळ हाडं असतील तर आधी डॉक्टरांना विचारा; पण 'काय करू नको' एवढंच ऐकून परतू नका, 'कोणता व्यायाम, किती' हे लिहून घ्या.

महापालिकांनी बागाबागांत ओपन जिम बसवल्या. त्यातली कित्येक यंत्रं नुसती झुलतात, वजन वाढवायची सोयच नाही आणि शिकवायला कुणी नाही. ज्येष्ठ नागरिक संघांनी आता वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यावा: बाकं पुरेशी आहेत, आठवड्यातून दोन सकाळी एक प्रशिक्षक पाठवा.