आधी अंश, मग कॅमेरे

संशोधनाचं अनुदान मंजूर झालं की पहिला फोन विक्रेत्याला जातो. मार्करलेस मोशन कॅप्चरची, म्हणजे अंगावर मार्कर न चिकटवता नुसत्या व्हिडिओवरून हालचाल मोजणाऱ्या प्रणालीची, खरेदी इथेच बिघडते. मला किती अंशांचा फरक पकडायचा आहे, हे आधी कागदावर लिहायला हवं.

क्रिकेट घ्या. चेंडू टाकताना कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ झालं की गोलंदाजी अवैध. स्टॅनफर्डचं ‘ओपनकॅप’ हे मार्करलेस साधन दोन आयफोनवर चालतं, संशोधनासाठी मोफत आहे. त्याच्या 2023 च्या शोधनिबंधात सांध्यांच्या कोनांमधली सरासरी चूक साधारण साडेचार अंश होती, आणि त्या हालचाली होत्या चालणं, उठणं-बसणं, उडी मारणं अशा. गुडघेदुखीच्या रुग्णाची चाल बघायला हे साधन मला मनापासून आवडतं. गोलंदाजाचं भवितव्य मात्र त्याच्यावर ठरवू नये.

मार्करलेस प्रणालींना हाडं दिसत नाहीत. माणसांनी छायाचित्रांवर केलेल्या खुणांवरून त्या सांध्याची जागा शिकतात. ‘कोको’ या अशा छायाचित्रांच्या गाजलेल्या संचात शरीराचे 17 बिंदू आहेत. पाय घोट्यापाशी संपतो. टाच नाही, अंगठा नाही. एवढ्यावरच शिकलेलं मॉडेल पावलाच्या अभ्यासाला घेऊ नका. मांडीचं हाड स्वतःभोवती किती वळलं, हे कळणंही अवघडच.

अर्थात मार्करही त्वचेवर हलतात, आणि लावणारा हात बदलला की कोन बदलतो. शिवाय भातलावणी करणाऱ्या बाईच्या कंबरेचा अभ्यास करायचा, तर चिखलात, साडीवर मार्कर लावणार कुठे? तिथे मार्करलेसच हवं. पण साडीआडचा गुडघा कॅमेऱ्याला दिसत नाही, मॉडेल तो अंदाजाने मांडतं. तो अंदाज कितपत खरा, हे कोणत्याही माहितीपत्रकावरून कळणार नाही.

परवानाही वाचा. ‘ओपनपोझ’ हे व्हिडिओतून शरीराचे बिंदू शोधणारं सॉफ्टवेअर बिगर-व्यावसायिक संशोधनाला मोफत आहे, पण त्याचा व्यावसायिक परवाना क्रीडाक्षेत्रासाठी मिळत नाही. ‘थिया’सारख्या विकत मिळणाऱ्या प्रणालीचं आतलं गणित बंद असतं, म्हणून सॉफ्टवेअरची आवृत्ती नोंदवा आणि मूळ व्हिडिओ पुसू नका.

पैसे देण्याआधी चाचणी मागा: तुमची माणसं, त्यांचे रोजचे कपडे, तुमची हालचाल, दोन वेगवेगळे दिवस, शक्य असेल तर शेजारी मार्करची प्रणालीही चालू. विक्रेता नाही म्हणाला, तर खरेदी करू नका.