हातमोजा: निवड, वापर आणि अंत

विद्रावक हाताळताना घालायचा हातमोजा म्हणजे विद्रावक आणि कातडी यांच्यामधला रबराचा किंवा प्लॅस्टिकचा पातळ पडदा. विद्रावकाला कायमचे अडवणे हे त्याचे काम नव्हे. त्याला उशीर करणे हे काम. सरकारी कचेऱ्यांत हेच काम मोज्यांशिवाय होते, रसायनांच्या बाबतीत मात्र मोजा लागतो. उशीर किती होतो यावर मोज्याची लायकी ठरते. ॲसिटोनला एक मोजा कित्येक तास ताटकळत ठेवतो, दुसरा जेमतेम मिनिटभर. आणि दुकानात दोघेही एकाच खिळ्याला टांगलेले असतात.

हौशी रसायनकर्मी महाराष्ट्रात मुख्यतः बाल्कनीत आढळतो. आजोबांच्या सागवानी कपाटावरचा जुना रंग खरवडणे, विमानांची मॉडेल रंगवणे, रेझिनमध्ये सुकलेली फुले बुडवून किचेन करणे, सर्किट बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे हे त्याचे उद्योग. त्यासाठी त्याच्याकडे सात आकारांचे ब्रश असतात, तीन प्रकारचा पॉलिश पेपर असतो आणि हातमोजा जो घरात सापडेल तो असतो. घरात तीनच सापडतात: भांडी घासायचे गुलाबी रबरी मोजे (हे घेतल्यास घरात वेगळीच रासायनिक प्रक्रिया सुरू होते), केसांच्या रंगाच्या पाकिटातला फडफडणारा पारदर्शक मोजा, आणि कोरोनाच्या काळात आणलेला निळ्या मोज्यांचा खोका, जो अजून संपायला तयार नाही. निवड बहुधा या खोक्यावर येऊन थांबते. डॉक्टर घालतात, म्हणजे चांगलाच असणार, हा त्यामागचा तर्क.

डॉक्टरांचा या विषयाशी संबंध जुना आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड हे शल्यविशारद होते. त्यांच्या शस्त्रक्रियागृहातील परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांना जंतुनाशक मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणाने पुरळ उठू लागले. हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबरी मोजे करून घेतले. रुग्णाला जंतूंपासून वाचवणे हा विचार मागाहून आला. आधी वाचवायचे होते ते हात, आणि तेही रसायनापासून. 1890 मध्ये दोघांचा विवाह झाला. इतकी पूर्वतयारी करून केलेले पाणिग्रहण वैद्यकाच्या इतिहासात दुसरे नसावे. बाल्कनीतल्या हौशी माणसाने एवढेच ध्यानात घ्यायचे की हॉल्स्टेड यांच्यासमोर पाण्यातले द्रावण होते. थिनर नव्हता.

हातमोजा तीन प्रकारे दगा देतो. पहिला प्रकार भोकाचा. तो दिसतो, निदान ओलसर बोटाला कळतो. दुसरा प्रकार मोजा बिघडण्याचा: फुगतो, चिकट होतो, किंवा उलट कडक होऊन तडकतो. पीव्हीसीच्या मोज्याला मऊ ठेवणारे द्रव्य विद्रावक ओढून नेतो आणि संध्याकाळी मोजा पापडासारखा उभा राहतो. हाही प्रकार प्रामाणिकच म्हणायचा, कारण मोजा मेला हे दिसते. तिसरा प्रकार खरा घातकी. मोजा शाबूत, भोक नाही, डाग नाही, आणि विद्रावकाचे रेणू रबरात विरघळून, एका बाजूने आत शिरून, दुसऱ्या बाजूने कातडीवर उतरलेले असतात. हिंगाची पुडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फडताळात ठेवली तरी चार दिवसांत साखरेलाही हिंगाचा वास येतो, तेव्हा हीच क्रिया चाललेली असते. पिशवी फाटलेली नसते. हिंग पिशवीतून चालत गेलेला असतो.

कोणता विद्रावक कोणत्या मोज्यातून किती वेगाने चालतो, हे दोघांच्या रासायनिक स्वभावावर ठरते. लग्नात गुण जुळावेत अशी अपेक्षा असते. इथे छत्तीसच्या छत्तीस जुळले तर अनर्थ होतो. ध्रुवीय विद्रावकाला ध्रुवीय रबर आपले वाटते, तेलकट विद्रावकाला तेलकट. म्हणून निवड करताना ज्याचे विद्रावकाशी अजिबात पटत नाही, तोच मोजा शोधायचा.

हार्डवेअरच्या दुकानात ही चर्चा सहसा होत नाही. तिथे खणखणीत आश्वासन मिळते: “साहेब, ॲसिडला चालतात हे, मग थिनर काय चीज आहे!” या वाक्यात अख्ख्या विषयाचा घोटाळा साठलेला आहे. ॲसिड भयंकर आणि थिनर किरकोळ, ही उतरंड माणसांच्या भीतीची. रबराला ती ठाऊक नाही. पीव्हीसीचा जाड मोजा पाण्यात कालवलेले आम्ल आणि कॉस्टिक सोडा नेटाने अडवतो, आणि तोच मोजा ॲसिटोनपुढे, टोल्युइनपुढे लोटांगण घालतो.

निळ्या खोक्यातला मोजा बहुधा नायट्राइल रबराचा असतो. हे रबर तेलाचे वैरी. रॉकेल, मिनरल टर्पेंटाइन, हेक्झेन, ग्रीस यांच्यासाठी ते उत्तम, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने सर्किट बोर्ड पुसायला किंवा चपड्याचे स्पिरिट पॉलिश करायला पातळ नायट्राइलही चालते. ॲसिटोनशी मात्र त्याचे इतके जमते की पातळ मोजा फुगून सैल होतो आणि मिनिट-दीड मिनिटात बोटांना गारवा जाणवू लागतो. हा गारवा सुखद असतो, म्हणूनच फसवा. ॲसिटोनला अडवतो ब्युटाइल रबराचा मोजा: काळा, जाड, महाग, आणि घातल्यावर बाटलीचे झाकण उघडता येत नाही असा. पण हाच ब्युटाइल पेट्रोल, टर्पेंटाइन किंवा टोल्युइन समोर आले की गळाठतो. म्हणजे नायट्राइल जिथे शूर तिथे ब्युटाइल कच्चा, आणि ब्युटाइल जिथे शूर तिथे नायट्राइल. दोघांना मिळून एक चांगला मोजा झाला असता, पण निसर्गाला ते मंजूर नसावे.

या पेचात भर घालतो तो थिनर. थिनर हे एका पदार्थाचे नाव नाही, ते एका संयुक्त कुटुंबाचे नाव आहे. एनसी थिनरच्या डब्यात टोल्युइन किंवा झायलीन असते, ब्युटिल ॲसिटेटसारखे एस्टर असते, कधी ॲसिटोन, कधी मिथेनॉल. प्रमाण करणाऱ्याच्या मर्जीवर. मिश्रणातला जो घटक सर्वांत चपळ, तो आधी पलीकडे जातो आणि बाकीच्यांना वाट करून देतो. सुटा थिनर पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून मिळतो, तेव्हा तर मोजा निवडण्याचा प्रश्नच उरत नाही: काय अडवायचे हेच माहीत नसेल तर कशाने अडवायचे हे कोण सांगणार? मोजा घेण्याआधी लेबल असलेला थिनर घ्यावा. थोडे पैसे जास्त जातात.

जुना रंग उतरवायचा पेंट रिमूव्हर हा या सगळ्यांचा काका. त्यातल्या अनेकांत डायक्लोरोमिथेन असते. हा द्रव सुमारे 40 अंश सेल्सिअसला उकळतो, त्यामुळे नागपुरात मे महिन्यात त्याचा डबा जपून उघडावा. आतला माल उकळीच्या बेतात असतो. नायट्राइल, लॅटेक्स, निओप्रीन यांच्या पातळ मोज्यांतून तो मिनिट-दोन मिनिटांत पार होतो. उघड्या हातावर सांडला तर उडून तरी जातो. मोज्याच्या आत अडकला की उडायला वाव नसतो आणि कातडी भाजते. या कामापुरता चुकीचा मोजा मोजा नसण्यापेक्षा वाईट.

डायक्लोरोमिथेनला पुरून उरणारे मोजे दोन, आणि दोघांतही खोड आहे. पहिला पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा. क्लोरीनयुक्त विद्रावक आणि टोल्युइन यांना तो फार काळ दाद देत नाही. किंमत ऐकून खाली बसावे लागते. आणि तो पाण्यात विरघळतो. एवढा महागाचा मोजा हौशी माणूस काम झाल्यावर कौतुकाने नळाखाली धुतो, आणि तिथे त्या मोज्याचे चरित्र संपते. दुसरा मोजा अनेक पातळ थरांच्या प्लॅस्टिकचा. तो दिसायला थेट केसांच्या रंगाच्या पाकिटातल्या मोज्यासारखा: सपाट, ढगळ, बोटे कुठेही वळलेली. मात्र त्याच्या थरांत एक असा थर असतो, ज्यातून फार थोड्या विद्रावकांना वाट सापडते. रूप नाही, बसत नाही, पकड नाही; संरक्षण मात्र सर्वांत जास्त गोष्टींपासून. पकडीसाठी त्यावर घट्ट नायट्राइल मोजा चढवायचा असतो. हौशी माणसाला एकच मोजा घ्यायचा असेल तर हा थरांचा मोजाच घ्यावा आणि आरशात पाहू नये.

चांगल्या मोज्याच्या पाकिटावर आयएसओ 374 या मानकाचे शंकुपात्राचे चित्र असते आणि त्याखाली रोमन अक्षरे. प्रत्येक अक्षर एका रसायनाचे: बी म्हणजे ॲसिटोन, डी डायक्लोरोमिथेन, एफ टोल्युइन, जे हेप्टेन, के चाळीस टक्के कॉस्टिक सोडा, एल तीव्र सल्फ्युरिक आम्ल. जे, के, एल अशी अक्षरे पाहून ‘केमिकल प्रूफ’ समजणारा माणूस थिनरमध्ये हात घालतो. बी आणि एफ तिथे नाहीत हे त्याला चित्रातच सांगितलेले असते. ‘टाइप ए’ लिहिलेला मोजा यादीतल्या किमान सहा रसायनांना प्रत्येकी किमान तीस मिनिटे अडवतो. ती सहा कोणती, हे अक्षरांवरून पाहायचे. चाचणी सुमारे 23 अंशांना आणि न ताणलेल्या तुकड्यावर होते. हात त्याहून गरम असतो आणि स्वस्थ बसत नाही, म्हणून छापील मिनिटांवर पूर्ण विसंबू नये. जाडी उपयोगी पडते, तीही अपेक्षेहून जास्त: जाडी दुप्पट केली की विद्रावकाला पार व्हायला ढोबळमानाने चौपट वेळ लागतो.

हा हिशेब चुकण्याची किंमत एकदा फार मोठी मोजली गेली. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयातील रसायनशास्त्रज्ञ कॅरेन वेटरहान यांच्या लॅटेक्सच्या मोज्यावर ऑगस्ट 1996 मध्ये डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या जहाल विषारी संयुगाचे काही थेंब पडले. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्यांचा मृत्यू झाला. नंतरच्या चाचणीत ते द्रव्य असा मोजा पंधरा सेकंदांच्या आत पार करते असे आढळले. त्या निष्काळजी नव्हत्या. त्यांनी मोजे घातलेले होते.

वापराचे नियम थोडे आहेत. एकदाच वापरायचा मोजा एकदाच वापरावा. विद्रावक उडून मोजा वरून कोरडा दिसला तरी रबरात शिरलेले रेणू पुढे चालतच राहतात, आणि दुपारच्या चहानंतर तोच मोजा घालणाऱ्याच्या हातावर उतरतात. दोरीवर चिमट्याने मोजे वाळत घालणे काटकसरीचे लक्षण असेल, संरक्षणाचे नाही. काढताना एका मोज्याची कड बाहेरून चिमटीत धरून तो उलटा सोलावा, मग उघड्या हाताची बोटे दुसऱ्या मोज्याच्या आत घालून तो सोलावा. दाताने ओढणाऱ्यांसाठी नियम नाहीत. फिरणाऱ्या ड्रिलजवळ मोजा घालू नये. ड्रिल मोजा ओढते आणि मोजा हाताला. सुती होजिअरीचे मोजे घालून इन्स्टंट ग्लू वापरू नये: सुतावर तो झपाट्याने घट्ट होतो आणि तेवढ्यात बोट भाजण्याइतकी उष्णता निघते. थिनरने भिजलेले मोजे गॅसच्या शेगडीपासून लांब, मोकळ्या हवेत सुकवून मगच कचऱ्यात टाकावेत.

एवढे सगळे पाळून काम संपवलेला माणूस मनगटावर राहिलेला ऑइलपेंटचा डाग काढायला शेवटी उघड्या हाताने थिनर चोळतो. त्याची गरज नसते. ओला असेपर्यंत हा डाग खायच्या तेलाने चोळला की सैल होतो आणि साबणाने निघून जातो.